धुराच्या दिवसांत एक खोली

कॅलिफोर्नियात मुलांकडे येणाऱ्या आई-बाबांचं वेळापत्रक बहुतेक ठरलेलं असतं. जूनच्या आसपास निघायचं, नातवंडांची सुट्टी गाठायची, गणपती तिकडेच बसवायचे आणि जमलं तर दिवाळी करून परतायचं. नेमका हाच काळ तिथल्या वणव्यांचा. मे संपला की पाऊस जवळजवळ थांबतो, टेकड्यांवरचं हिरवं गवत जूनपासून वाळून पिवळं पडतं, आणि ऑगस्ट ते नोव्हेंबरात ते पेटायला एक ठिणगी पुरते. २०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात पावसाशिवाय विजा कोसळल्या आणि घरोघरी मूर्ती बसल्या तेव्हा सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या उत्तरेचे, पूर्वेचे आणि दक्षिणेचे डोंगर एकाच वेळी जळत होते. २०१८ साली लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला झालं. दुसऱ्या दिवशी, ऐन पाडव्याला सकाळी, पॅराडाइज गावाजवळ ‘कॅम्प फायर’ भडकला. त्यात ८५ माणसं गेली. त्याचा धूर दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला येऊन पाऊस पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे, मुक्कामाला राहिला. १६ नोव्हेंबरला बे एरियातल्या बहुतेक शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

फ्रीमाँट, सनीव्हेल, कुपर्टिनो अशा सपाटीच्या गावांत राहणाऱ्या मराठी घरांना आगीपासून क्वचितच पळावं लागतं. त्यांच्या वाट्याला येतो तो धूर. म्हणून इथे आगीबद्दल थोडं आणि धुराबद्दल जास्त. कॅलिफोर्नियात नसलात तरी हे उपयोगी पडेल. ७ जून २०२३ला कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला तेव्हा तिथल्या हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक चारशेच्या पुढे गेला होता, आणि न्यू जर्सीतल्या मंडळींना मास्क कुठे ठेवलेत ते आठवत नव्हतं.

वणव्याच्या धुरातला सगळ्यात त्रासदायक भाग म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. धुरातले बहुतेक कण तर एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. नाकातले केस किंवा खोकला त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. त्यामुळे धूर हा फक्त दमेकऱ्यांचा प्रश्न नाही. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, जी गरोदर आहे, ज्या नातवंडाचं वय अजून पाच-सहा आहे, त्या सगळ्यांचा तो प्रश्न आहे. सत्तरीच्या आई-बाबांच्या औषधांच्या डब्यात डोकावलंत तर यातलं एक तरी नाव सापडतंच.

डोळ्यांवर आणि नाकावर मात्र विसंबू नका. नाक तासाभरात वासाला सरावतं, आणि लांबून आलेल्या धुराला वास कमीच असतो. ९ सप्टेंबर २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश भर दुपारी गडद नारिंगी झालं होतं, रस्त्यावरचे दिवे लागले होते, फोटो जगभर फिरले. पण त्या दिवशी धुराचा मोठा भाग समुद्रावरून आलेल्या गार धुक्याच्या थराच्या वर तरंगत होता. पुढच्या एक-दोन दिवसांत आकाश साधं राखाडी झालं, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तोच श्वास जास्त वाईट हवेचा होता. धूर तोवर जमिनीवर उतरला होता.

तेव्हा आकडा बघायचा. ‘एअरनाऊ’चा आग आणि धुराचा नकाशा अमेरिकेची पर्यावरण संस्था आणि वनखातं मिळून चालवतात; त्यात सरकारी यंत्रांबरोबर लोकांच्या घराबाहेर लावलेले छोटे सेन्सरही दिसतात. धूर तासातासाला बदलतो, त्यामुळे सकाळचा आकडा दुपारी शिळा होतो. त्या छोट्या सेन्सरांचा ‘पर्पलएअर’चा नकाशा थेट बघत असाल तर त्यातल्या पर्यायांत अमेरिकी पर्यावरण संस्थेची दुरुस्ती निवडा, कारण हे छोटे सेन्सर धुरात आकडा वाढवून सांगतात.

आता फोनवरच्या एका नेहमीच्या वादाबद्दल. मुलगी म्हणते, आज इथे दीडशे आहे, बाहेर जाऊ नका. बाबा म्हणतात, दीडशे तर आमच्या पुण्यात थंडीत असतंच. दोघंही खरं बोलत असतात, पण फूटपट्ट्या वेगळ्या आहेत. हवेत पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारताचा निर्देशांक १०० दाखवतो आणि हवेला ‘समाधानकारक’ म्हणतो. तीच हवा अमेरिकेच्या निर्देशांकात दीडशेच्या पुढे जाते आणि ‘सर्वांसाठी अपायकारक’ ठरते. शिवाय भारतातला आकडा चोवीस तासांची सरासरी असतो, तर एअरनाऊचा ताज्या तासांना जास्त वजन देतो. म्हणून दोन देशांच्या हवेची तुलना करायचीच असेल तर मायक्रोग्रॅमची करा. बाबांना हे समजावताना एवढंही सांगायला हरकत नाही, की यातून पुण्याची हवा चांगली ठरत नाही.

घर छोटं करा

धुराच्या दिवसांत अख्खं घर स्वच्छ ठेवण्याच्या नादी लागू नका, जमत नाही. अमेरिकेतली घरं लाकडी. खिडक्या-दारांच्या फटी, बाथरूमचे पंखे, शेगडीवरचं धुराडं, अशा शंभर वाटांनी बाहेरची हवा आत येते. खिडक्या बंद केल्याने फरक पडतो, पण तेवढ्याने पुरत नाही. एक खोली निवडा. खिडक्या कमी, दार नीट लागणारी, शक्यतो बाथरूम लागून असलेली. बहुतेक घरांत ती मोठी बेडरूम असते. तिथे चांगला एअर प्युरिफायर लावा, दाराखालच्या फटीला टॉवेलची वळकटी लावा, आणि ज्यांना सांभाळायचं त्यांना रात्री तिथेच झोपवा. माणूस दिवसातले सात-आठ तास झोपतो. तेवढा वेळ तरी फुप्फुसांना आणि हृदयाला सुटी मिळते.

इथे घरोघरची एक अडचण सांगतो. प्युरिफायर असतो तो मुलांच्या खोलीत, आणि आजी-आजोबांची खोली असते खाली, गॅरेजला लागून, जिथे दाराखालून बोट जाईल एवढी फट असते. “आम्हाला काही होत नाही, पोरांना असू दे,” असं ते म्हणणार. त्यांचं ऐकू नका. दहा दिवस सगळ्यांनी एका खोलीत गाद्या टाकून झोपायचं. लग्नघरात झोपतोच की आपण.

प्युरिफायर घेताना खोक्यावर ‘धुरासाठीचा सीएडीआर’, म्हणजे यंत्र किती वेगाने स्वच्छ हवा देतं, हा आकडा शोधा. एरवी खोलीच्या क्षेत्रफळाच्या दोन तृतीयांश पुरतो, पण वणव्याच्या धुरासाठी तो क्षेत्रफळाइतका असावा: १२ बाय १४ फुटांच्या खोलीला सुमारे १७०. छत आठ फुटांहून उंच असेल तर आणखी मोठा. यंत्र ‘ऑटो’वर ठेवून विसरू नका, आवाज सहन होईल तेवढ्या वरच्या वेगावर चालू ठेवा. ओझोन सोडणाऱ्या यंत्रांपासून लांब राहा. ओझोन स्वतःच फुप्फुसांना घातक असतो, आणि म्हणून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या प्युरिफायरना राज्याच्या हवा मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. खरेदी जूनमध्ये करा. ऑगस्टात धूर आला की पहिल्याच दिवशी दुकानांतली फळी रिकामी होते.

प्युरिफायर महाग वाटत असेल, किंवा दिवाणखान्यासाठी दुसरा हवा असेल, तर घरी बनवता येतो. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी २०२०मध्ये सुचवलेला हा डबा आता शाळांतली मुलंही करतात. वीस इंची चौकोनी पंखा, तेवढ्याच मापाचे ‘मर्व्ह १३’ दर्जाचे चार फिल्टर, पुठ्ठा आणि डक्ट टेप. चार फिल्टर उभे करून चौकोन करायचा, प्रत्येकावरचा बाण आतल्या दिशेला. तळाला पुठ्ठा, वर पंखा अशा बेताने की हवा फिल्टरमधून आत ओढली जाऊन वर फेकली जाईल. सगळ्या फटी टेपने बंद. मधे गोल भोक कापलेला पुठ्ठा पंख्यावर लावून त्याचे कोपरे झाकले तर काम आणखी चांगलं होतं. दिसायला ओबडधोबड, पण बऱ्याच महागड्या यंत्रांची बरोबरी करतो. पंखा २०१२ किंवा त्यानंतरच्या बनावटीचा असावा, एक्स्टेन्शनच्या वायरीवर लावू नये, आणि सगळे झोपलेले किंवा बाहेर गेलेले असताना चालू ठेवू नये.

घरात छतातून वारा देणारी वातानुकूलन व्यवस्था असेल तर तिच्यातला फिल्टर मर्व्ह १३चा घाला, बाहेरची हवा घेण्याची झडप असल्यास बंद करा आणि थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’ ठेवा, म्हणजे घरातली हवा पुन्हा पुन्हा गाळली जाईल. जुन्या अपार्टमेंटांत भिंतीत नुसता हीटर असतो, तिथे गाळायला काहीच नाही. तिथे आधी सांगितलेली ती एक खोलीच कामी येते. एक नळी खिडकीबाहेर सोडणारे फिरते एसी घरातली हवा बाहेर टाकतात आणि तेवढीच धुराची हवा फटींतून आत ओढतात. एवढं लक्षात ठेवून ते वापरा.

स्वयंपाकघर

प्युरिफायरवर तीनशे डॉलर खर्च करून त्याच संध्याकाळी बटाटेवडे तळणारी घरं बरीच आहेत. तळण, कडकडीत फोडणी, तव्यावरची करपलेली भाकरी यांनीही तेच बारीक कण सुटतात, आणि बंद घरात काही मिनिटांत आतला आकडा बाहेरच्या बरोबरीला येऊ शकतो. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हचा पंखा पुष्कळ घरांत हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळल्यासारखी करून तुमच्याच तोंडावर परत सोडतो. खरोखर बाहेर जाणारं धुराडं असेल तरी ते जेवढी हवा बाहेर टाकतं तेवढी धुराची हवा फटींतून आत येते. गॅस पेटवला असेल तेवढा वेळ ते लावावं, उगाच चालू ठेवू नये.

तेव्हा धुराच्या दिवसांत शिजवा, उकडा, तळू नका. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, वरण, कुकरमधल्या भाज्या, कोशिंबिरी, दहीपोहे. फोडणी हवीच तर मध्यम आचेवर, तुपा-जिऱ्याची. मिरचीचा खकाणा नको. गणपतीत तर आपली परंपराच मदतीला येते: उकडीचे मोदक वाफेवर होतात. तळणीचे मोदक, पुऱ्या आणि अळुवड्यांचं तळण हवा निवळल्यावर करता येईल. उदबत्ती आणि धूप मात्र बाहेरच्या धुराचेच सख्खे भाऊ. आरतीला एक निरांजन पुरे. कापूर, धूप, उदबत्त्यांचा जुडगा या वर्षी राहू द्या. बाप्पाच्या नावाने आजोबांना दम लागावा असं कुठल्याही पोथीत सांगितलेलं नसणार.

केर काढताना झाडूने धूळ उडवू नका, साधा व्हॅक्यूमही नको. ओल्या फडक्याने पुसा.

बाहेर पडायचंच तर

आई-बाबांना सगळ्यात जड जातं ते फिरणं बंद करणं. गाडी चालवत नाहीत, ओळखीचं कुणी नाही, दिवसातला मोकळा वेळ म्हणजे तो सकाळचा फेरफटका. म्हणून नुसतं ‘जाऊ नका’ म्हणू नये. अमेरिकी निर्देशांक शंभरच्या आत असेल तर बहुतेकांनी जायला हरकत नाही. शंभर ते दीडशेच्या दरम्यान ज्येष्ठांनी, लहान मुलांनी आणि हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी सावकाश आणि थोडंच. दीडशेच्या पुढे कुणीच बाहेर व्यायाम करू नये. बरेचदा रात्रीच्या गार हवेत धूर खाली कोंडलेला असतो आणि दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की विरतो, त्यामुळे पहाटे फिरण्याची सवय त्या दिवसांपुरती मोडावी लागते. पर्याय म्हणून गावचं ग्रंथालय, मॉल, मोठी दुकानं चालायला उत्तम. कॉस्टकोच्या दोन फेऱ्यांत चांगलं चालणं होतं, फक्त खिशात क्रेडिट कार्ड नको.

घरच्या घरी योगासनं करणाऱ्यांनी कपालभाती आणि भस्त्रिका तेवढे दिवस थांबवावं. श्वास जेवढा जोराचा, तेवढी जास्त हवा आत. प्राणायाम करायचाच तर त्या एका स्वच्छ खोलीत, संथपणे.

मास्क एन९५चाच हवा, डोक्यामागून दोन पट्टे जाणारा. कानाला अडकवायचा केएन९५ चेहऱ्याला घट्ट बसला तर चालतो. कापडी किंवा सर्जिकल मास्क, ओढणी, ओला रुमाल यांनी वास कमी झाल्यासारखा वाटेल, कण अडत नाहीत. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा आणि जोरात श्वास सोडून बघा. डोळ्यांकडे किंवा गालांकडे हवा लागली तर मास्क नुसता शोभेचा. दाढीवर तो नीट बसत नाही, मिशी चालते. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावायचा नाही. त्यांना आतच ठेवायचं. ज्यांना मुळातच धाप लागते त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण एन९५मधून श्वास घ्यायला थोडा जोर लागतो.

गाडीत हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा. लांबच्या प्रवासात मधूनमधून, हवा बरी असलेल्या पट्ट्यात, काही मिनिटं बाहेरची हवा घ्या. नाहीतर बंद गाडीत चालकाला पेंग येते.

औषधं आणि गूळ

धुरात काम करणाऱ्यांनी गूळ खावा, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. हळद-दूध, वाफ, मिठाच्या गुळण्या, कुंडीतली तुळस यांचीही शिफारस होते. गुळण्यांनी आणि कोमट दुधाने घसा निवतो, ते जरूर करा. पण फुप्फुसात गेलेला कण गुळाने बाहेर येत नाही, आणि मधुमेह्याच्या रक्तातली साखर मात्र नक्की वाढते. चार-दोन कुंड्यांनी खोलीची हवा गाळली जात नाही. या उपायांचा खरा तोटा वेगळाच आहे. ते केले की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि इन्हेलर पेटीतच राहतो.

भारतातून निघतानाच सगळ्या मुक्कामाला पुरतील एवढी औषधं आणि डॉक्टरांची सही असलेली चिठ्ठी घ्यावी, औषधांची मूळ नावं लिहून. भारतात ज्याला सॅल्ब्युटामॉल म्हणतात तेच अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणून मिळतं. ऐन वेळी दुकानात हे माहीत नसेल तर गोंधळ होतो. पाहुण्यांसाठीचा आरोग्य विमा घेताना जुन्या आजारांबद्दलचं कलम वाचा. पुष्कळ पॉलिसी जुना दमा किंवा हृदयविकार वगळतात किंवा फार थोडा भरतात, आणि हे हॉस्पिटलात कळून उपयोग नसतो.

खोकला, डोळे चुरचुरणं, डोकं जड होणं हे धुरात बहुतेकांना होतं. पण बसल्या जागी धाप लागणं, छातीत दाब किंवा कळ, ओठ निळसर होणं, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसलं तर थेट ९११. ऑक्सिमीटर ९६ दाखवतो म्हणून छातीतल्या कळेकडे दुर्लक्ष करू नका. मुलं ऑफिसात आणि घरी दोघंच, अशी वेळ येते. घराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा आणि ९११ला काय सांगायचं ते एकदा तोंडाने म्हणून बघा. इंग्रजी अडलं तर ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढंच म्हणावं. दुभाषा जोडून देण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते.

धूर आणि उकाडा एकत्र आले तर काय? बे एरियातल्या कितीतरी घरांत एसी नाही. खिडक्या बंद करून आत ३५ अंश होत असतील तर म्हाताऱ्या माणसाला धुराआधी उष्णतेचा झटका बसेल. तेव्हा घर सोडून थंड, गाळलेल्या हवेच्या ठिकाणी जाणं हाच उपाय: ग्रंथालय, मॉल, एसी असलेले मित्र, किंवा काउंटीने उघडलेलं केंद्र, त्याचा पत्ता २११ला फोन केल्यावर मिळतो. वारा जोराचा असेल तर वीज कंपन्या तारांमुळे आग लागू नये म्हणून स्वतःहून वीज बंद करतात, आणि मग प्युरिफायर, फ्रिजमधलं इन्सुलिन आणि नेब्युलायझर, सगळंच अडकतं. घरात कुणी अशा यंत्रावर असेल तर बॅटरीची सोय आधीच करा आणि वीज कंपनीकडे तशी नोंद करा.

टेकड्यांच्या जवळ राहणाऱ्यांनी पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं आणि औषधं एका पिशवीत घालून दाराशी ठेवावीत. घर सोडण्याचा ‘इशारा’ सहसा आधी येतो, ‘आदेश’ नंतर. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर इशाऱ्यालाच निघा.

राख पडली असेल तर तिला झाडू किंवा पानं उडवायचं यंत्र लावू नका. मास्क आणि हातमोजे घालून हलकं पाणी शिंपडा, मग पुसून घ्या. जंगल जळाल्याची राख एक आणि घरं जळाल्याची दुसरी: जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या आगींत रंग, प्लास्टिक, बॅटऱ्या, गाड्या सगळं जळलं, तिथल्या हवेत शिसंही सापडलं. अशी राख मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या पायांना लागू देऊ नका, परसातल्या भाज्या-फळं नीट धुतल्याशिवाय खाऊ नका. हवेचा निर्देशांक ही राख मोजत नाही, त्यामुळे आकडा हिरवा झाला तरी ही खबरदारी चालू ठेवायची.

आकडा पन्नासच्या खाली आला की मात्र लगेच सगळ्या खिडक्या उघडा, दोन-तीन तास वारा खेळू द्या, चादरी-पडदे धुवा आणि फिल्टर काढून बघा. राखाडी-काळा झाला असेल तर मुदत शिल्लक असली तरी बदला.

आणि परत जाताना प्युरिफायर बॅगेत घालून नेण्याचा मोह टाळा. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टवर चालतं, पुण्या-मुंबईतल्या २३० व्होल्टच्या प्लगात लावलं तर जळेल. खोलीच्या मापाचा सीएडीआर बघून तिथेच घ्या, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्या गावचा आकडा चढेल तेव्हा याच पद्धतीने, एकाच खोलीत, रात्री लावा.